कर्ब काढला म्हणजे रस्ता सर्वांचा होतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या पेठेतला साधारण ९ मीटर रुंदीचा बाजाराचा रस्ता, खाली दुकाने आणि वर राहती घरे. महापालिकेने तो ‘सामायिक रस्ता’ करायचे ठरवले आहे. म्हणजे सध्याचे उंच, तुटके पदपथ आणि त्यांची उभी कड, म्हणजेच कर्ब, काढून टाकायचे, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकाच पातळीवर फरसबंदी करायची, वाहनांना सावकाश जाऊ द्यायचे आणि चालणाऱ्यांना सगळा रस्ता मोकळा करून द्यायचा. रहिवाशांच्या बैठकीत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका बाईंनी या आराखड्याचे मनापासून स्वागत केले, तर त्याच गल्लीत तीस वर्षे राहणाऱ्या एका दृष्टिहीन गृहस्थांनी त्याला ठाम विरोध केला. दोघेही दिव्यांग आणि दोघांची मागणी नेमकी उलट. तेव्हा ऐकायचे कोणाचे, असे आपण विचारले आहे.

दोघांचेही ऐकायचे. दोघेही बरोबर आहेत आणि आराखडा अपुरा आहे. मी गेली बावीस वर्षे शहरातील रस्त्यांचे आराखडे करतो आणि हा पेच माझ्यासमोर अनेकदा आला आहे. १५० मिमी उंचीचा कर्ब व्हीलचेअरवरच्या माणसाला भिंतीसारखा असतो. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला तोच कर्ब आधाराचा असतो, कारण काठीचे टोक त्या कडेला घासत नेले की आपण सरळ चाललो आहोत आणि गाडीच्या वाटेत उतरलेलो नाही, एवढे त्याला खात्रीने कळते. कर्ब सरसकट काढला तर पहिल्याची अडचण सुटते आणि दुसऱ्याची वाटच पुसली जाते. तेव्हा कड ठेवायची की नाही हा वाद घालण्यात अर्थ नाही. काठीला नक्की लागेल आणि चाकाला अडवणार नाही अशी कड कुठे, किती उंचीची आणि कोणत्या आकाराची ठेवायची, हे आराखड्याने ठरवायला हवे.

ही कल्पना आली कुठून, हे पाहिले तर चूक कुठे होते ते कळते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही निवासी गल्ल्यांतून पदपथ आणि रस्ता हा भेद काढून टाकला गेला. झाडे, बाक आणि वळणे अशी मांडली की मोटारीला माणसाच्या चालीनेच जावे लागेल. ‘वूनएर्फ’ नावाच्या या गल्ल्यांना १९७६ मध्ये तिथल्या कायद्यात स्थान मिळाले. पुढे हान्स मोंडरमान या वाहतूक अभियंत्याने हीच कल्पना गर्दीच्या चौकांपर्यंत नेली. ड्राख्टेन गावातला चौक त्यासाठी प्रसिद्ध आहे. पाट्या, सिग्नल आणि पट्टे कमी केले की चालक सावध होतो, चालणाऱ्याच्या नजरेला नजर देतो आणि दोघे आपसात वाट ठरवतात, असे त्यांचे म्हणणे होते. डोळस, धडधाकट माणसापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण ज्याला दिसत नाही त्याने नजरेला नजर कशी द्यायची, या प्रश्नाला त्या मांडणीत उत्तर नव्हते. मोटारीच्या काचेपेक्षा बुटक्या असलेल्या लहान मुलाचे आणि मान वळवायला त्रास होणाऱ्या आजोबांचेही तेच.

ब्रिटनने ही चूक मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे. लंडनचा एक्झिबिशन रोड २०१२ च्या ऑलिंपिकच्या आधी एका पातळीवर फरसबंद झाला. दिसायला तो देखणा आहे, पण तो होत असतानाच दृष्टिहीनांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. २०१५ मध्ये लॉर्ड क्रिस होम्स यांनी, जे स्वतः दृष्टिहीन असून पॅरालिम्पिक जलतरणपटू होते, देशभरातील अशा रस्त्यांबद्दल सर्वेक्षण प्रसिद्ध केले. उत्तर देणाऱ्यांपैकी ३५ टक्के लोक असे रस्ते जाणूनबुजून टाळत होते. शेवटी २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने एकाच पातळीवरच्या नव्या सामायिक रस्त्यांची कामे थांबवायला स्थानिक संस्थांना सांगितले आणि आधीची मार्गदर्शिका मागे घेतली. या ३५ टक्क्यांचा मी पुन्हापुन्हा विचार करतो. जे लोक रस्ता टाळतात ते त्या रस्त्यावरच्या अपघातांच्या नोंदीत येत नाहीत आणि मग कागदावर रस्ता सुरक्षित दिसतो.

आपल्या पेठांमधल्या गल्ल्या तर कोणी आराखडा न करताच सामायिक आहेत. मग ते गृहस्थ तीस वर्षे तिथे एकटे कसे फिरले? मी अशा माणसांबरोबर बराच चाललो आहे आणि प्रत्येक वेळी नवे काही शिकलो आहे. काठी आधी घराच्या ओट्याच्या कडेला लागून चालते. ओटा संपला की उघड्या गटाराची दगडी कड सापडते. पिठाच्या गिरणीचा आवाज उजवीकडे आला की दहा पावलांवर वळण आहे हे कळते. बेकरीचा वास आला की पुढे दोन पायऱ्या उतरायच्या आहेत हे ठाऊक असते. सपाट फरसबंदीच्या कामात गटार झाकले जाते, ओट्यांपुढच्या पायऱ्या अतिक्रमण म्हणून तोडल्या जातात आणि सगळीकडे एकाच पोताचा पेव्हर ब्लॉक येतो. गिरणीचा आवाज आणि बेकरीचा वास तेवढे उरतात. त्यांच्या विरोधामागे तीस वर्षांचा नकाशा हरवण्याची भीती आहे आणि ती पूर्णपणे रास्त आहे.

मी स्वतः हे एकदा चुकवले आहे, म्हणून सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका मध्यम आकाराच्या शहरात मंदिराकडे जाणारा रस्ता आम्ही पूर्ण सपाट केला. काठीसाठी उठावदार रेषांची मार्गदर्शक फरशी बसवली होती, तेवढ्याने भागेल असे मला वाटले. आठ दिवसांत त्या फरशीवर दुचाकींची रांग लागली, कारण दुकानाच्या दारापर्यंत गाडी नेण्यात आता कसलाच अडथळा उरला नव्हता. पंधरा दिवसांनी विजेच्या खात्याने त्याच फरशीच्या ओळीत फीडर पिलर, म्हणजे वीजवाटपाची लोखंडी पेटी, उभा केला. एका दृष्टिहीन शिक्षकांबरोबर मी तो रस्ता चाललो तेव्हा त्यांची काठी फरशीच्या रेषांवरून बिनचूक चालली आणि बिनचूक त्या लोखंडी पेटीवर आदळली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीवरून हात फिरवला आणि ती कुठे संपते ते शोधले. त्यानंतर मी एकही रस्ता निव्वळ फरशीच्या भरवशावर सोडलेला नाही.

आता कडेच्या उंचीबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ मध्ये निरनिराळ्या उंचीच्या कडा मांडून दृष्टिहीन व्यक्तींकडून त्या तपासून घेतल्या. ६० मिमी किंवा त्याहून उंच कड सर्वांना खात्रीने कळली आणि त्याहून कमी उंचीच्या कडेबाबत ती खात्री राहिली नाही. आपल्याकडे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या संहितेत कर्बची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नसावी असे आहे आणि उतारासाठी १:१२ हे प्रमाण सगळीकडे मान्य आहे. म्हणजे १५० मिमी चढायला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. संहितेने पदपथाची किमान मोकळी रुंदीही १.८ मीटरच सांगितली आहे, तेव्हा अरुंद पदपथावर एक उतार केला की सगळा पदपथच तिरपा होतो आणि सरळ जाणाऱ्याची चाके रस्त्याकडे ओढली जातात. ६० मिमीसाठी मात्र ७२ सेंमी उतार पुरतो. अरुंद रस्त्यावर या फरकाने सगळे गणित सुटते.

आपल्या ९ मीटर रस्त्याचा छेद, म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतची आडवी मांडणी, मी असा मांडेन. दोन्ही बाजूंना इमारतीला लागून १.८ मीटरची चालपट्टी, भोवतालच्या पातळीपेक्षा ६० मिमी उंच. तिच्यात खांब, कुंडी, पाटी, पायरी असे काहीही नाही. डावीकडच्या चालपट्टीच्या बाहेर ७५ सेंमीची साधनपट्टी, ज्यात दिव्याचे खांब, कचरापेट्या, फीडर पिलर आणि ते ७२ सेंमीचे उतार पूर्ण मावतात, त्यामुळे चालपट्टी कुठेही तिरपी होत नाही. मधे ३.५ मीटरची एकेरी वाट. उजवीकडे १.१५ मीटरची पट्टी झाडे, बाक, पथारी आणि माल उतरवण्यासाठी. इथेही उतार या पट्टीतच सोडायचा. बेरीज बरोबर ९ मीटर होते. अग्निशमन गाडीला ३.५ मीटर कमी पडतात, म्हणून डाव्या पट्टीतील पक्के खांब घराच्या भिंतींवर घेता आले तर घ्यावेत आणि उजव्या पट्टीतील साहित्य शक्य तितके हलवता येणारे असावे. ६० मिमीच्या कडेवरून बंबाचे चाक सहज चढते, १५० मिमीच्या कडेवरून तसे चढत नाही.

हा रस्ता तरीही सामायिकच राहतो, हे आपल्या बैठकीत स्पष्ट करावे. लोक मधल्या वाटेवरूनही चालतील, मुले खेळतील, पालखी जाईल. दिसत नसलेल्या, बिचकणाऱ्या किंवा थकलेल्या माणसाला कोणाशीही वाट ठरवत बसावे न लागता जाता येईल अशी एक पट्टी मात्र राखून ठेवलेली असेल. वाट ओलांडणाऱ्यालाही याचा लाभ होतो: सेकंदाला ०.८ मीटर या वेगाने चालणाऱ्या आजींना ९ मीटर ओलांडायला ११ सेकंद लागतात, तर ३.५ मीटरला साडेचार सेकंदांच्या आत भागते.

काठीला आणि पायाला जाणवणाऱ्या या उठावदार, म्हणजे स्पर्शी, फरशीबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. जपानमध्ये सेईची मियाके यांनी ती १९६५ मध्ये तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळ ती पहिल्यांदा बसली. तिचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचे अर्थ वेगळे आहेत: लांब रेषांची फरशी म्हणजे ‘या दिशेने चला’ आणि गोल ठिपक्यांची फरशी म्हणजे ‘थांबा, पुढे काही आहे’. आपल्या अनेक पदपथांवर शोभेची नक्षी असल्यासारखी ठिपक्यांची फरशी सरळ लांबवर टाकलेली दिसते. तिचा अर्थ होतो की माणसाने प्रत्येक पावलाला थांबावे. जिथे इमारतीची भिंत किंवा ६० मिमीची कड सलग आहे तिथे रेषांच्या फरशीची फारशी गरजच नसते, कारण काठीला कड पुरते. ती लागते ती कड तुटते तिथे, म्हणजे चौकात, बसथांब्यापाशी आणि मोकळ्या अंगणासारख्या जागेत. ठिपक्यांची फरशी मात्र प्रत्येक उताराच्या पायथ्याशी, उताराच्या पूर्ण रुंदीभर आणि किमान ६० सेंमी खोलीची हवीच. ३० सेंमीची एकच ओळ टाकली तर चालणाऱ्याचे पाऊल तिच्यावरून पलीकडे पडू शकते आणि सूचना मिळतच नाही. रंगही महत्त्वाचा आहे. अल्पदृष्टी असलेल्यांची संख्या पूर्ण दृष्टिहीनांपेक्षा कितीतरी जास्त असते आणि करड्या फरसबंदीत करडी फरशी त्यांना दिसत नाही. वास्तुविशारद मित्रांना पिवळा रंग खटकतो, हे मला माहीत आहे. तरी पिवळाच घ्यावा, किंवा भोवतालची फरसबंदी गडद घेऊन फरशी पांढरी ठेवावी.

आराखड्याच्या आधी एक मोजणी करावी लागेल. गर्दीच्या तासात त्या रस्त्यावरून किती मोटारवाहने जातात? ब्रिटनच्या २००७ च्या रस्तेविषयक मार्गदर्शिकेत तासाला १०० वाहनांचा आकडा दिला होता. त्याखाली लोक रस्ता स्वतःचा मानून वापरतात आणि त्यावर गेले की तो ओलांडण्याची जागा म्हणून पाहू लागतात. आपल्या पेठेत दुचाकी धरल्या तर हा आकडा सकाळी दहाच्या आतच ओलांडला जाईल. तेव्हा आधी रहदारी कमी करावी लागते: एकेरी वाट, पेठ ओलांडून पलीकडे जाणाऱ्या गाड्यांना बंदी, टेम्पो आणि छोटा हत्ती यांना सकाळी ठरावीक वेळेतच प्रवेश. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ मध्ये नवा रस्ता खुला झाला तेव्हा सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी असा नियम झाला. पुण्यात लक्ष्मी रस्ता २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त मोकळा केला जातो. त्या दिवशी तिथे गेलेल्या कोणालाही गाड्या नसलेली बाजारपेठ कशी असते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हे करण्याची तयारी नसेल तर सामायिक रस्ता करू नये, पदपथ रुंद करून कर्ब राखावा. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर रहदारी मोठी आहे आणि तिथे रुंद, सलग पदपथ केले गेले; तिथे तेच योग्य होते.

वेगाचा एक ढोबळ हिशोब जवळ ठेवावा. ताशी १५ किमी वेगाने येणारी गाडी चालकाला माणूस दिसल्यापासून साधारण ६ मीटरमध्ये थांबते. ताशी ३० किमी असेल तर सुमारे १५ मीटर लागतात. बोळातून धावत बाहेर येणारे पोर गाडी ६ मीटरमध्ये थांबली तर वाचते, १५ मीटर लागले तर नाही. १५ चा वेग नुसत्या पाटीने येत नाही. रस्त्याच्या तोंडाशी उंच उंबरठा, ३० ते ४० मीटरवर एक वळण किंवा उंचवटा आणि अरुंद दिसणारी वाट यांनी तो येतो. शिवाय विजेवरच्या रिक्षा आणि स्कूटर आवाज करत नाहीत, त्यामुळे कानावर भिस्त ठेवणाऱ्या माणसाला वेग कमी असण्याचीच काय ती हमी उरते.

बोलार्ड, म्हणजे वाहने अडवणारे आखूड खांब, बसवले की दुचाकी येणार नाहीत, असे आपल्याला कोणीतरी नक्की सांगेल. साध्या व्हीलचेअरची रुंदी ६५ ते ७० सेंमी असते आणि मोटारसायकलचा हँडल ७० ते ८० सेंमीचा. व्हीलचेअरला हात न खरचटता जायला ९० सेंमी तरी लागतात, तेव्हा जिथून व्हीलचेअर जाते तिथून मोटारसायकल जातेच. दोन खांबांतील अंतराने त्यांना वेगळे करता येत नाही. नागमोडी लोखंडी फाटके लावून दुचाकी अडवण्याचे प्रयत्न मी अनेक शहरांत पाहिले आहेत. त्यांत अडकते ती तीनचाकी सायकल वापरणारी दिव्यांग व्यक्ती आणि बाळाची ढकलगाडी. दुचाकी रोखायची तर जवळच हक्काची दुचाकीतळाची जागा द्यावी लागते, दंड नियमित करावा लागतो आणि कडेची पट्टी रिकामी सोडून चालत नाही. जिथे पथारीवाल्या मावशी भाजी मांडून बसल्या आहेत तिथे कोणी स्कूटर लावत नाही. चारचाकीसाठी बोलार्ड घ्यायचेच असतील तर ते साधारण १ मीटर उंचीचे आणि वर उजळ पट्टा असलेले घ्यावेत. गुडघ्याएवढे शोभेचे दगडी गोळे काठीला उशिरा लागतात, नडगीला आधी.

पथारीवाल्यांना हटवून सुगम रस्ता करण्याची कल्पना मला मान्य नाही. त्यांच्यामुळे रात्री आठनंतर रस्त्यावर डोळे आणि दिवे असतात, वाट विचारता येते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यासमोर छेदाचा नकाशा ठेवून उजव्या पट्टीत जागा आखून घ्याव्यात आणि हातगाडी रस्त्याला समांतरच उभी राहील हे ठरवून घ्यावे. फळकुट, छत्रीची दोरी आणि ताडपत्री चालपट्टीवर येऊ नये, हा नियम सगळ्यांत कडक ठेवावा. काठी जमिनीवरचा अडथळा शोधते, डोक्याच्या उंचीवरचा नाही. संहितेने २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. तिच्या खाली दुकानाची पत्र्याची झड, एसीचे बाहेरचे यंत्र किंवा झाडाची फांदी असेल तर कपाळ फुटते. मी स्वतः मोजपट्टीऐवजी २.२ मीटरचा बांबू घेऊन रस्ता चालतो. जिथे बांबू अडतो तिथे खडूने फुली मारतो.

फरसबंदीच्या बाबतीत कंत्राटदाराला सोयीचे म्हणून पेव्हर ब्लॉक स्वीकारू नये, निदान चालपट्टीवर तरी नको. वाळूवर बसवलेले ब्लॉक दोन पावसाळ्यांत कमीजास्त खचतात आणि त्यांच्या तासलेल्या कडांमुळे प्रत्येक सांध्यावर लहान चाकाला धक्का बसतो. मणक्याची दुखापत असलेल्या माणसाला दोनशे मीटर असे धक्के खात जाणे म्हणजे वेदना आहे. हे मला एका व्हीलचेअर वापरणाऱ्या सहकाऱ्याने आपल्या खुर्चीत बसवून फिरवून दाखवले. काँक्रीटच्या पक्क्या थरावर यंत्राने कापलेली, खरबरीत पृष्ठभागाची मोठी शहाबादी किंवा ग्रॅनाइटची फरशी घट्ट सांध्यांनी बसवावी. चकचकीत ग्रॅनाइट पावसात कोणालाही पाडते. आडवा ढाळ ५० ला १ पेक्षा जास्त नको. पाणी जाण्यासाठी तो लागतो, पण वाढला की खुर्ची सतत एकीकडे ओढते. गटाराच्या जाळीच्या फटी १२ मिमीपेक्षा रुंद नसाव्यात आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, नाहीतर चाक आणि काठीचे टोक दोन्ही त्यात जातात. चेंबरची झाकणे आधीच मोजून मधल्या वाटेत किंवा साधनपट्टीत आणावीत. आणि जुने डांबर खरवडूनच नवा थर टाकावा. आपल्या पेठांमध्ये रस्ता थरांवर थर चढून घराच्या उंबऱ्याच्या वर गेला आहे, पाणी घरात शिरते म्हणून लोक दारात सिमेंटचा बांध घालतात आणि तो बांध म्हणजे व्हीलचेअरला आणखी एक पायरी होते.

कर्णबधिर व्यक्तींचा विचार बहुधा कोणीच मांडत नाही. खुणांच्या भाषेत बोलत चालणाऱ्या दोघांना एकमेकांचे हात दिसण्यासाठी शेजारी, थोडे अंतर ठेवून चालावे लागते; १.८ मीटर त्यालाही पुरतात, १.२ पुरत नाहीत. त्यांना हॉर्न ऐकू येत नाही, तेव्हा ‘हॉर्न वाजवून पुढे जाणे’ हा आपल्या चालकांचा भरवसा त्यांच्याबाबतीत निरुपयोगी आहे. बाक ५० मीटरच्या आत असावेत, बैठक ४५ सेंमी उंच आणि हात टेकायला दोन्ही बाजूंना आधार असावा. गुडघेदुखीच्या माणसाला बसण्यापेक्षा उठणे अवघड असते.

उत्सवाची तरतूदही आराखड्यातच करावी. गणपतीच्या मांडवासाठी दरवर्षी फरसबंदीत खड्डे खणले जातात आणि नंतर ते सिमेंटने कसेबसे बुजवले जातात. मंडळांशी आधी बोलून मांडवाच्या जागी जमिनीत झाकण असलेल्या पोलादी नळ्या गाडून ठेवल्या तर खांब त्यात उभे राहतात, विसर्जनानंतर झाकणे बसतात आणि फरशी शाबूत राहते. मांडव असतानाही एका बाजूची चालपट्टी पूर्ण मोकळी राहील, ही अट परवानगीपत्रात घालून घ्यावी. हीच शिस्त केबल आणि जलवाहिनीच्या खोदाईला लावावी: आधीच डक्ट, म्हणजे केबल आणि नळांसाठी पोकळ वाहिन्या, टाकावेत, चालपट्टीच्या फरशीचा काही साठा महापालिकेच्या गोदामात ठेवावा आणि खोदणाऱ्याने त्याच फरशीने, त्याच पातळीला जागा पूर्ववत केल्याशिवाय त्याची अनामत सोडू नये.

अभियंत्यांकडून ‘हे सगळे केवळ मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही’ असे उत्तर येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता हा हक्क मानला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशींसारखे ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष वेगळे काढायला सांगितले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाखालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. हे दोन्ही निकाल छापून बैठकीला न्यावेत. तरी माझा अनुभव असा की निकालापेक्षा निविदेतील ओळ जास्त कामाची ठरते. कडेची उंची ६० मिमी, फरक ५ मिमीपेक्षा जास्त चालणार नाही, आणि दृष्टिहीन व व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तींसह संयुक्त पाहणी झाल्याशिवाय अंतिम देयक नाही, एवढ्या तीन गोष्टी निविदेत घालून घ्याव्यात.

या सगळ्याच्या आधी मात्र एक रविवार काढावा. पोलिसांची परवानगी घेऊन सकाळी दोन तास रस्त्याचा २० मीटर तुकडा बंद करावा आणि चुन्याने छेद आखावा. ६० मिमी जाडीच्या लाकडी ओंडक्यांची किंवा प्लायवूडच्या थरांची सलग कड मांडावी, तिच्या दोन ठिकाणी ७२ सेंमीचे उतार ठोकावेत. दुसऱ्या बाजूला ३० मिमीची कड मांडावी, म्हणजे फरक कळेल. मग त्या बाईंना आणि त्या गृहस्थांना बोलवावे, एक हातगाडीवाला, भाजीच्या पाट्या घेतलेली एक मावशी आणि बाबागाडी घेतलेले एखादे जोडपेही बोलवावे. एका वॉर्डात आम्ही हे केले तेव्हा हातगाडीवाल्याने उताराचा सांधा अर्धा इंच वर राहिला असल्याचे पहिल्या फेरीतच दाखवून दिले. तीन अभियंत्यांच्या नजरेतून तो सुटला होता. दृष्टिहीन गृहस्थांना आपण कडेबद्दल काही सांगू नये. त्यांना फक्त सुरुवातीला उभे करावे, बरोबर दोन पावले मागे चालावे आणि त्यांची काठी कड कुठे सोडते तिथे खडूने खूण करत जावे. त्या खुणा नकाशावर उतरवून घेतल्यावरच आराखड्याचा पुढचा कागद काढावा.